ताईचं वजन: ऊसतोड घरातल्या तिसरीच्या एका मुलीचं प्रकरण

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातल्या लेकरांच्या खाण्यापिण्यावर बोलणं निघालं की सगळे शाळेच्या खिचडीवर येऊन थांबतात, खिचडी पातळ आहे, डाळ दिसत नाही, तांदूळ जाडा येतो वगैरे. ते बोलायलाच पाहिजे. पण मी जे प्रकरण लिहितोय त्यात खिचडी दुसऱ्या नंबरला गेली, पहिल्या नंबरला निघाला तीन वर्षांचा एक पोरगा, आणि ते कसं ते सविस्तरच सांगतो कारण थोडक्यात सांगितलं की लोकांना पटत नाही.

शाळा बीड जिल्ह्यातली, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षक, त्यातला एक मी. गावाचं नाव देत नाही, मुलीचंही देत नाही, वर्गात सगळे तिला ताईच म्हणायचे कारण धाकटा भाऊ कायम कडेवर, तेच नाव इथे वापरतो. जमीन मुरमाड, पाऊस भरवशाचा नाही, दसरा झाला की गाव हलायला लागतं. मुकादमाकडनं (टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडनं) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन ठेवलेली असते, ती फेडायला नवराबायको मिळून एक कोयता म्हणून जातात, कोणी सांगली कोल्हापूरकडे, कोणी सोलापूरला, कोणी पार कर्नाटकात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, गाळप बंद होईपर्यंत, म्हणजे मार्च एप्रिलपर्यंत माघारी येत नाहीत. आजी आजोबा असले तर लेकरं गावात राहतात, नसले किंवा थकलेले असले तर लेकरं पण ट्रॅक्टरमध्ये.

ऑक्टोबर २०२३ मध्ये आम्ही वर्गातल्या सगळ्या मुलांचं वजन उंची घेतली. वरून आदेश वगैरे काही नव्हता, शाळेला मिळालेला एक डिजिटल वजनकाटा कपाटात पडून होता आणि भिंतीवर टेप चिकटवायला कितीसा वेळ लागतो. ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी सांगतो, उंची घेताना टाच, पाठ आणि डोकं भिंतीला टेकलेलं पाहिजे, मुलींची वरती बांधलेली वेणी सोडायला लावायची आणि डोक्यावर पुस्तक आडवं ठेवून त्याची कड टेपवर बघायची. वेणीनं आरामात दोन सेंटीमीटर वाढतात आणि मग सगळं गणित फसतं. वजन खिचडीच्या आधी घ्यायचं, दरवेळी त्याच वेळेला.

ताईचं वजन आलं १६ किलो, उंची ११३ सेंटीमीटर.

आता यात वय नेमकं लागतं आणि इथेच पहिली अडचण आली. आमच्या रजिस्टरमध्ये अर्धा वर्ग १ जूनला जन्मलेला आहे, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या शिक्षकाला सांगायची गरज नाही, जन्माचा दाखला नसला की प्रवेशाच्या सोयीनं तीच तारीख पडते. ताईची तारीख पण १ जून २०१५. तिच्या आजीला विचारलं तर त्या म्हणाल्या, "सर, ती फडातच झाली की, कारखाना नुकता चालू झाला होता, दिवाळी होऊन चार दिस बी झाले नव्हते." फड म्हणजे तोडणीचं उसाचं शेत, आणि दिवाळीनंतर म्हणजे नोव्हेंबर. म्हणजे रजिस्टरपेक्षा ती पाच महिन्यांनी लहान. हे पाच महिने छोटे वाटतात पण आठ वर्षांच्या पोरीच्या उंचीत दोन सव्वादोन सेंटीमीटरचा फरक पाडतात, रजिस्टरची तारीख धरली असती तर ती होती त्यापेक्षा जास्त खुरटलेली दिसली असती.

खऱ्या वयानं बघितलं तरी चित्र चांगलं नव्हतंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या चार्टप्रमाणे आठ वर्षांच्या मुलीची मधली उंची साधारण १२६ ते १२७ सेंटीमीटर येते आणि ११५ च्या खाली गेली की खुरटलेली धरतात, ताई ११३. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, काढला तर साडेबारा. या वयाला १३ च्या खाली बारीक आणि १२ च्या जरा खाली गेलं की अति बारीक. म्हणजे ती बुटकी पण होती आणि बुटकेपणाच्या मानानं पण बारीक होती. पहिली गोष्ट वर्षानुवर्षं कमी मिळाल्याची, दुसरी आत्ता कमी मिळत असल्याची. मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की ती वर्गात अजिबात उठून दिसायची नाही. हुशार, बोलकी, लंगडीत पुढे. शेजारी बसलेल्या चौघी पण तेवढ्याच उंचीच्या, त्यामुळे डोळ्याला सवय झालेली, आपल्याकडची पोरं अशीच असतात म्हणून सोडून द्यायची.

आणि दुसरं कोणी बघणारं पण नसतं. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीत दर महिन्याला वजन होतं, कमी भरलं तर रेकॉर्डवर येतं, अति तीव्र कुपोषित निघालं तर पोषण पुनर्वसन केंद्र आहे, पण ते केंद्र पाच वर्षांच्या आतल्या लेकरांसाठी. दंडाचा घेर मोजायची ती रंगीत पट्टी पण पाच वर्षांपर्यंतच. मूल पहिलीत आलं की हे सगळं संपतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची मुलं मोजतात आणि मग एकदम पंधरा वर्षांच्या पुढचे मोठे, मधली दहा वर्षं कोरी. केंद्र सरकारनं २०१६ ते १८ मध्ये एक वेगळी सर्वंकष पोषण पाहणी केली तेव्हा कुठे या वयाची मुलं मोजली गेली आणि पाच ते नऊ वयातली २२ टक्के खुरटलेली आणि २३ टक्के बारीक निघाली. ती सरासरी अख्ख्या देशाची, सगळ्या थरांतली.

शाळेतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, २०१३ मध्ये त्याची सुरुवातच आपल्या पालघरमधून झाली होती, आणि पथक खरंच येतं, तपासतं, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण शाळेला ते वर्षातून एकदा येतं. आमच्याकडे जानेवारीत आलं. ताई तेव्हा शाळेपासून तीनशे किलोमीटरवर.

आता ती कारखान्यावर काय खात होती ते. हे नंतर तिच्याकडून आणि तिच्या आईकडून तुकड्या तुकड्यानं कळलं, एप्रिलमध्ये ते लोक आल्यावर. आई पहाटे तीनला उठायची, कोपीसमोरच्या (पाचटाच्या झोपडीसमोरच्या) चुलीवर भाकरी थापायची, आपल्या दोघांच्या फडक्यात बांधायची, लेकरांच्या टोपलीत ठेवायची आणि पाचच्या आत फडात. ताई आणि भाऊ कोपीवर. उठल्यावर कोरा चहा आणि पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा दोघांत. मग पाणी आणायचं, भावाला सांभाळायचं, त्यानं सांडलं हागलं ते बघायचं. अकराच्या आसपास गार भाकरी आणि चटणी, कधी बेसन. भाकरीतला मऊ भाग भावाला आणि कडा हिला, हे ती इतक्या सहज सांगत होती जसं ते ठरलेलंच आहे. दुपारी ऊस चोखायचा, तो फुकट आणि हवा तेवढा. संध्याकाळी आई आली की आमटी भात किंवा परत भाकरी. पण ट्रॅक्टर भरायचा असला की मोळ्या वाहता वाहता रात्रीचे नऊ दहा व्हायचे आणि तोवर ताई झोपलेली असायची. "उठवलं तरी उठत नव्हती," आई म्हणाली, "मग मी बी म्हणायचे निजू दे." भाजी आठवडी बाजाराला, मुकादमानं खर्ची, म्हणजे खर्चाला पैसे, दिली तर. डाळ महाग म्हणून पातळ. अंडं मटण सणाला.

मी मोजायचा प्रयत्न केला, सगळं धरून आणि ऊस पण धरून रोजच्या हजार अकराशे कॅलरीच्या पुढे आकडा जाईना. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या हिशोबानं सात ते नऊ वयाच्या मुलाला १७०० च्या आसपास लागतात. उसातनं कॅलरी मिळतात पण त्यात प्रोटीन नसल्यातच जमा, आणि पोट भरल्यासारखं होऊन भाकरी पण कमी जाते. त्यात जेवणासोबत चहा, तो अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. त्यात कॅनॉलचं पाणी आणि दर महिना पंधरा दिवसाला जुलाब. त्यात काम, कारण अडीच तीन वर्षांचं पोर दिवसभर कडेवर घेऊन फिरणं आणि पाण्याची कळशी हे आठ वर्षांच्या मुलीला कामच आहे, त्याला पण कॅलरी लागतात.

एप्रिल २०२४ मध्ये ती आली तेव्हा वजन १५.४ किलो. उंची ११४. म्हणजे सहा महिन्यांत एक सेंटीमीटर वाढली आणि सहाशे ग्रॅम घटली. या वयाला सहा महिन्यांत अडीच तीन सेंटीमीटर आणि किलोभर वजन वाढायला हवं. बीएमआय ११.८ वर, म्हणजे अति बारीकच्या रेषेखाली. नखं पांढरी, ओठाचे कोपरे फुटलेले. आजीसोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवली, हिमोग्लोबिन ९.४. पाच ते अकरा वयात ११.५ च्या खाली ॲनिमिया म्हणजे रक्त कमी धरतात आणि ११ च्या खाली गेलं की मध्यम. डॉक्टरांनी जंताची गोळी दिली आणि वजन बघून दोन महिने रोज घ्यायचं लोहाचं औषध दिलं.

इथे मला एक गोष्ट लक्षात आली आणि मी पुढे ज्याच्या त्याच्याशी तीच बोलत बसलो. शाळेतल्या मुलांसाठी पोषणाचं जेवढं म्हणून आहे, दुपारचं जेवण, आठवड्याची ती गुलाबी लोहाची गोळी, फेब्रुवारीतली जंतनाशकाची फेरी, आरोग्य पथक, हे सगळं शाळेच्या इमारतीत मिळतं आणि त्यातलं बरंचसं नोव्हेंबर ते मार्चमध्ये पण होतं, आणि नेमक्या त्याच महिन्यांत आमच्यासारख्या गावातली सगळ्यात गरजू मुलं तिथे नसतात. नोव्हेंबर २०२३ पासून राज्यानं आठवड्याला एक अंडं सुरू केलं, जे खात नाहीत त्यांना केळं, केवढी चांगली गोष्ट, एका अंड्यात सहा ग्रॅम चांगलं प्रोटीन. ताई त्याच महिन्यात फडावर. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देतात, ते दाखवलं की तिकडच्या शाळेत बसता येतं आणि जेवता येतं, तिच्याकडे पण होतं ते. पण टोळी या फडावरून त्या फडावर हलते, शाळा दोन तीन किलोमीटर, आणि कडेवरच्या भावाला घेऊन शाळेत बसू देतील का हा प्रश्न. ते कार्ड आईच्या पिशवीत तसंच घडी घातलेलं परत आलं.

आता खिचडीबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल असं प्रमाण आहे आणि त्यातून ४५० कॅलरी, १२ ग्रॅम प्रोटीन मिळायला पाहिजे. म्हणजे कॅलरीत बघितलं तर दिवसाच्या गरजेचा साधारण पाव हिस्सा. १९९५ मध्ये योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे, २००१ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं शिजवलेलंच द्या म्हणून आदेश काढला, त्यानंतर चूल शाळेत आली. माझं स्पष्ट मत आहे की या देशात लहान मुलांसाठी झालेल्या मोठ्या निर्णयांपैकी तो एक आहे, कारण घरी गेलेले तांदूळ सगळ्यांत वाटले जातात, ताटात वाढलेला भात त्या पोराच्याच पोटात जातो. आमच्या स्वयंपाकीण मावशींना विचारा, सोमवारी पातेलं खरवडून रिकामं होतं आणि बाकीच्या दिवशी थोडं उरतं. रविवारचा उपास कोणाकोणाला घडलाय ते त्यांना वाढता वाढता कळतं.

तर जून ते ऑक्टोबर २०२४ ताई रोज शाळेत जेवली. आम्ही वेगळं काही विशेष केलं नाही. लोहाचं औषध संपेपर्यंत आजीकडून रोज विचारून घेतलं, चहा जेवणाच्या वेळेला नको एवढं आजीला पटवलं (हे अवघड गेलं, चहा ही त्या घरातली सगळ्यात स्वस्त भूक मारायची सोय आहे), आणि मावशी तिला दुसऱ्यांदा न मागता वाढायच्या. गावातल्या एकानं शेंगदाण्याचं पोतं दिलं, गूळ शेंगदाणे सगळ्या वर्गाला, फक्त तिला नाही. हे मुद्दाम सांगतो, एका मुलीला वेगळं काढून खायला दिलं की तिला लाज वाटते आणि घरी पण वेगळा अर्थ निघतो. रेशनचं धान्य नियमित मिळत होतं. पाऊस पण त्या वर्षी बरा झाला, घरी भाजीपाला होता.

ऑक्टोबर २०२४, वजन १८ किलो, उंची ११७.५. हिमोग्लोबिन ११.२. सहा महिन्यांत अडीच किलोच्या वर. अजून बारीकच, अजून बुटकीच, पण गाडी चालू झाली होती आणि समोर परत दिवाळी.

गावात हंगामी वसतिगृह चालतं, म्हणजे नावाला वसतिगृह, प्रत्यक्षात आईबाप तोडीला गेलेली मुलं आजी आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे झोपतात आणि सकाळ संध्याकाळ शाळा व्यवस्थापन समितीतर्फे त्यांना जेवण मिळतं, दुपारची खिचडी वेगळी. तीन वेळचं ताट. ताईला ठेवा म्हणून मी तिच्या वडिलांशी बोललो, आईशी बोललो, आजीला मधे घातलं. वडील सरळ म्हणाले, "सर, तिला ठेवतो हो, पण मग बारक्याला कोण बघणार? बायको कोयता सोडून त्याला घेऊन बसली तर उचल कशी फिटायची?" आणि ते खरंच होतं. मी इतका वेळ ताईच्या जेवणाचं बोलत होतो आणि ते घर बारक्याच्या सांभाळण्याचं बोलत होतं. ताई तिकडे जात होती ती उपाशी राहायला नाही, ती आईचा हात मोकळा करायला जात होती. तिच्या वजनाचा काटा भावाच्या सोयीवर अडकला होता.

मग बोलणं बारक्यावर आणलं. तो तीन पूर्ण झालेला, म्हणजे अंगणवाडीत बसू शकतो, तिथे त्याला नाश्ता आणि गरम आहार मिळतो. पण अंगणवाडी दुपारपर्यंत, आजीला गुडघ्याचा त्रास, ती दिवसभर त्याच्या मागे धावू शकत नाही. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस दोघींशी बोलून असं ठरलं की सुटल्यावर तो शाळेच्या व्हरांड्यात येऊन ताईजवळ बसेल, शाळा सुटली की दोघं मिळून आजीकडे. संध्याकाळच्या ताटात तो पण ताईसोबत जेवेल, त्याचं नाव हंगामी वसतिगृहाच्या यादीत बसत नाही पण एका तीन वर्षांच्या पोराची भाकरी कोणी मोजत बसत नाही, निदान आमच्या समितीनं तरी मोजली नाही. आईची तयारी व्हायला वेळ लागला. एवढं लहान लेकरू सोडून जायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं आणि आम्ही बाहेरचे लोक ही गोष्ट फार सहज बोलतो. शेवटी तिनं एकच अट घातली, रोज रात्री फोनवर दोघांचं तोंड दाखवायचं. आजीकडे साधा फोन, मग शेजारच्या पोरानं आपला फोन रोज आणून द्यायचं कबूल केलं.

त्या हंगामात सगळं गोड झालं असं नाही. डिसेंबरात बारक्याला ताप आला आणि आई तिकडे रडून रडून अर्धी झाली, माघारी येते म्हणाली. जानेवारी २०२५ मध्ये अंड्याचा राज्याचा निधी बंद झाला आणि शाळांनी लोकसहभागातून बघावं असं आलं. ज्या गावातला सहभाग देणारा प्रत्येक धडधाकट माणूस ऊस तोडायला गेलाय तिथे लोकसहभाग कोणाकडे मागायचा, हा प्रश्न मी आमच्या शाळा केंद्राच्या मीटिंगमध्ये विचारला आणि अजूनही विचारतो. ज्यांना गरज कमी तिथे वर्गणी निघते, ज्यांना जास्त तिथे निघत नाही, असल्या गोष्टी सरकारच्याच पैशानं व्हायला पाहिजेत. थोडे दिवस एका कुक्कुटपालनवाल्यानं अंडी दिली, मग ती पण थांबली.

पण ताई होती. पथक आलं तेव्हा होती, जंताच्या गोळीला होती, गुलाबी गोळी दर आठवड्याला गिळताना होती. एप्रिल २०२५ ला वजन १९.१, उंची १२०.२. आधीच्या हंगामात सहाशे ग्रॅम घट आणि या हंगामात अकराशे ग्रॅम वाढ, उंची एकच्या जागी पावणेतीन सेंटीमीटर. साडेनऊ वर्षांच्या मुलीला हे कमीच आहे, बीएमआय १३.२, या वयाची रेषा १३.३ च्या आसपास, म्हणजे ती अजून बारीक आणि खुरटलेली या दोन्ही खान्यांत आहे. आठ वर्षं गेलेली उंची एका वर्षात परत येत नाही, त्यातली बरीचशी कधीच येणार नाही. आणि एका मुलीवरून मी सिद्ध काही करत नाही, त्या वर्षी पाऊस बरा होता, औषध मिळालं होतं, यातलं कशानं किती झालं हे वेगळं काढता येत नाही.

ज्यांना आपल्या शाळेत हे करायचंय त्यांना एवढं सांगेन, वजनं वर्षातून एकदा घेऊ नका, दसऱ्याच्या आधी एकदा आणि पाडव्यानंतर एकदा घ्याच, मधे जी मुलं गावात आहेत त्यांची महिन्याला घ्या. फक्त जूनमधलं वजन बघितलं असतं तर मला ताईचा उतार कधीच दिसला नसता. आणि मूल बारीक निघालं की घरच्यांना आधी तिच्या खाण्याबद्दल विचारू नका, ती दिवसभर काय करते, कोणाला सांभाळते ते विचारा. आमच्याच शाळेत त्यानंतर अजून तीन मुली निघाल्या, तिघींच्या कडेवर कोणी ना कोणी होतं.

कारखान्यावर लेकरं सांभाळायला पाळणाघर आणि तिथेच शाळेचं ताट, ही मागणी ऊसतोड कामगारांच्या संघटना किती वर्षांपासून करतायत. काही ठिकाणी साखरशाळा, म्हणजे कारखान्यावरच तोडणीवाल्यांच्या मुलांसाठीच्या शाळा, चालल्या, काही बंद पडल्या. मुलं गावात ठेवणं हा अर्धाच उपाय आहे, सगळ्यांच्या घरी आजी नसते आणि सगळ्या आयांना लेकरं सोडून जायला सांगणं हे बरोबर पण नाही.

ताई आता पाचवीला शेजारच्या गावात जाणार, दीड किलोमीटर, चालत. तिकडच्या सरांना तिचा वजनाचा कागद दिलाय. बारक्याला अजून दोन वर्षं अंगणवाडी आहे, पण ताई दुसऱ्या गावात गेल्यावर दुपारी तो कोणाजवळ बसणार हे अजून ठरलेलं नाही, आणि दसऱ्याच्या आत ते ठरवायचंय.